१४ टीममधून खेळलेला पिचर, याला फेल म्हणायचं की काय?

रात्रपाळी_जळगाव

नमस्कार मंडळी. मी मूळचा क्रिकेटवाला, बेसबॉलचं खूळ अलीकडचं, नाईट शिफ्टला काम नसलं की हायलाइट बघत बसतो. नियम आता बऱ्यापैकी कळायला लागलेत, पिचर म्हणजे आपला बॉलर, वॉक म्हणजे चार बॉल बाहेर टाकून बॅटरला फुकटात बेस देणं, स्ट्राइकआउट म्हणजे तीन स्ट्राइकमध्ये त्याला बाद करणं, ईआरए म्हणजे पिचर नऊ इनिंगमागे सरासरी किती रन देतो, एवढं जमतं.

तर परवा एडविन जॅक्सन नावाच्या पिचरचं रेकॉर्ड बघत होतो आणि डोकंच फिरलं. २००३ ते २०१९ खेळला आणि १४ वेगवेगळ्या टीमकडून. मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, टीमच मुळात ३० आहेत, म्हणजे जवळपास अर्ध्या लीगची जर्सी या बाबाच्या कपाटात असणार. बरं एवढं खेळून आकडे काय तर नावावर १०७ मॅच जिंकल्या, १३३ हरल्या, ईआरए ४.७८. मला जेवढं समजतं त्यावरून हे सरासरीच्या खालीच झालं ना? आपल्याकडे असा बॉलर दोन सीझनमध्ये घरी बसला असता.

आयपीएलमध्ये अ‍ॅरन फिंच ९ टीमकडून खेळला ते माहितीये, पण तिथे ऑक्शन असतं, दर काही वर्षांनी सगळे पत्ते पिसून परत वाटतात त्यामुळे ते समजू शकतो. इथे तर ऑक्शन नाही. मग हे लोक इकडून तिकडे जातात कसे, आणि मुख्य म्हणजे १३ टीमनी सोडलेल्या माणसाला चौदावी टीम का घेते? तिथल्या मॅनेजरला रेकॉर्ड वाचता येत नाही का? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा, मला सकाळी सहापर्यंत वेळच वेळ आहे.

खवचट_सदाशिव

१३ टीमनी सोडलं असं कशाला म्हणता, १४ टीमनी बोलावलं म्हणा की. तेवढ्याने इन्क्रिमेंट वाढतं.

शिकागोचा_नाना

सदाशिवरावांनी चेष्टेत म्हटलं पण मुद्दा तोच आहे. मी शिकागोत बरीच वर्षं आहे आणि जॅक्सन इथल्या दोन्ही टीमकडून खेळलाय, व्हाइट सॉक्स आणि कब्ज, त्यामुळे या माणसाला शिव्या पण घातल्यात आणि टाळ्या पण वाजवल्यात. सविस्तर सांगतो, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे सुरुवात. वडील अमेरिकन आर्मीत, त्यामुळे जन्म तेव्हाच्या पश्चिम जर्मनीत, नॉय-उल्म गावी, ९ सप्टेंबर १९८३. वाढला जॉर्जियातल्या कोलंबसमध्ये. २००१ ला लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी सहाव्या राउंडला ड्राफ्ट केला, म्हणजे नव्या पोरांच्या वाटपात उचलला. आणि मेजर लीगमधली पहिली मॅच कधी, तर ९ सप्टेंबर २००३, म्हणजे बरोब्बर विसाव्या वाढदिवसाला, समोर अ‍ॅरिझोनाकडून रँडी जॉन्सन! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रँडी जॉन्सन म्हणजे सहा फूट दहा इंच उंचीचा डावखुरा राक्षस, त्या पिढीतल्या सगळ्यात भीतीदायक पिचरांपैकी एक. पोरानं सहा इनिंगमध्ये एकच रन दिला आणि मॅच जिंकली. दुसऱ्या दिवसापासून तो डॉजर्सचा भावी सुपरस्टार. माझं मत विचाराल तर पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ त्या एका संध्याकाळी आहे, कारण ती मॅच बघितलेला कोणीही पुढची पंधरा वर्षं ती विसरला नाही.

कारण बॉल टाकायचा भन्नाट. ९५-९७ मैल, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटरच्या वर, आणि ते पण ताकद लावतोय असं न दिसता. फक्त तो बॉल जाईल कुठे ते त्यालाही नक्की माहीत नसायचं. डॉजर्सनी दोन वर्षं वाट बघितली आणि २००६ च्या जानेवारीत टँपा बेला देऊन टाकला. तिथे मार खात खात शिकला, २००८ ला १४ मॅच जिंकला, ती टीम पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीजला, म्हणजे लीगच्या फायनलला पोचली. डिसेंबरात लगेच डेट्रॉइटला ट्रेड, म्हणजे अदलाबदलीत रवानगी. २००९ ला ऑल-स्टार झाला, पहिल्या अर्ध्या सीझनमध्ये तर कोणाच्या बॅटला लागत नव्हता. परत डिसेंबर आला, परत ट्रेड, आता अ‍ॅरिझोना. आणि हा ट्रेड साधासुधा नव्हता, तीन टीमचा होता, त्यात मॅक्स शर्झर अ‍ॅरिझोनातून डेट्रॉइटला गेला जो पुढे तीन वेळा साय यंग अवॉर्ड, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचं बक्षीस, जिंकला. म्हणजे बघा, जॅक्सनला कोणी भंगारात काढत नव्हतं, त्याच्या बदल्यात चांगला माल मिळत होता म्हणून तो विकला जात होता. पहिल्या निम्म्या करिअरमध्ये टीम बदलण्याचं कारण हे आहे.

आता २५ जून २०१०. अ‍ॅरिझोनाकडून, आणि तेही त्याच्या जुन्या टँपा बेच्या मैदानावर. नो-हिटर टाकला! म्हणजे पूर्ण मॅचमध्ये समोरच्याला एकही हिट नाही. पण हा नो-हिटर म्हणजे अख्खा एडविन जॅक्सन एका मॅचमध्ये. पहिल्या तीन इनिंगमध्येच सात वॉक दिले. सात! बेसवर सतत माणसं उभी, मॅनेजर कधीही काढेल असं वाटतंय, आणि हिट मात्र बसत नाहीये. शेवटी ८ वॉक, १४९ पिच म्हणजे टाकलेले बॉल, स्कोअर १-०. आजकाल १०० पिच झाले की मॅनेजरचा जीव वरखाली होतो, १४९ कोणी टाकूच देणार नाही. महिन्याभरात, जुलैच्या शेवटी, व्हाइट सॉक्सनी उचलला.

आणि आता माझा सगळ्यात आवडता दिवस, २७ जुलै २०११. सकाळी व्हाइट सॉक्सनी त्याला टोरंटोला ट्रेड केला. टोरंटोनं त्याच दिवशी पुढे सेंट लुईस कार्डिनल्सला दिला. काही तासांचा ब्लू जे (टोरंटोच्या खेळाडूंना तसं म्हणतात), जर्सी अंगाला लागली नाही. आणि गंमत बघा, टोरंटोहून सेंट लुईसला त्याच्याबरोबर त्याच ट्रेडमध्ये गेलेला आणखी एक पिचर कोण, तर ऑक्टाव्हियो डोटेल, जो पुढच्याच वर्षी डेट्रॉइटला जाऊन १३ टीमचा रेकॉर्ड करणार होता. म्हणजे रेकॉर्ड करणारा आणि तो मोडणारा एकाच पार्सलमधून गेले. असलं कोणी गोष्टीत लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं काहीही.

त्या कार्डिनल्सनी तीन महिन्यांत वर्ल्ड सिरीज जिंकली. जॅक्सननी त्यातली चौथी मॅच सुरू केली होती, सात वॉक देऊन हरला, पण टीम टेक्सासला सात मॅचमध्ये पुरून उरली आणि अंगठी सगळ्यांना मिळते.

इथपर्यंत वय फक्त २८. पुढचं रात्री लिहितो, ऑफिसला उशीर होतोय.

रात्रपाळी_जळगाव

नाना दंडवत! १४९ पिचवाली मॅच आत्ताच शोधतो. पण मग एवढा चांगला होता तर एकाही टीमला त्याला ठेवून घ्यावंसं का नाही वाटलं?

गणितमास्तर

नानांचं लिखाण रंगतदार आहे पण थोडं प्रेमात पडून लिहिलंय असं वाटतं, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

चांगला होता असं सरसकट म्हणू नका. दोन वर्षं चांगली, चार-पाच बरी, बाकी वाईट. वॉक कायम जास्त. एवढा वेग असूनही स्ट्राइकआउट त्या मानाने मध्यमच, कारण फास्टबॉल सरळ यायचा आणि मेजर लीगचा बॅटर नुसत्या वेगाला घाबरत नाही, सरळ येणारा ९६ मैलाचा बॉल तो तितक्याच वेगाने परत पाठवतो. स्लायडर, म्हणजे शेवटी वळणारा बॉल, छान होता पण तो कधी चालेल याची गॅरंटी नाही. मग टीम का घ्यायच्या? कारण प्रत्येक पिचिंग कोचला मनातून वाटायचं की आधीच्या गाढवांना जमलं नाही, मी याचा कंट्रोल आठ दिवसांत सरळ करून दाखवतो. वेग शिकवता येत नाही, कंट्रोल शिकवता येतो, अशी त्या धंद्यातली जुनी समजूत आहे. निम्मी खरी असेल. जॅक्सनच्या बाबतीत एकामागून एक कोचनी हात टेकले.

या समजुतीची सगळ्यात महागडी पावती कब्जनी फाडली. २०१२ ला वॉशिंग्टनकडे एक वर्षाचा ११ मिलियनचा करार होता, तो झाल्यावर कब्जनी चार वर्षांचे ५२ मिलियन डॉलर दिले. पहिल्या वर्षी ८ जिंकला १८ हरला. दुसऱ्या वर्षी ६ आणि १५, ईआरए ६.३३. तिसऱ्या वर्षी बुलपेनमध्ये, म्हणजे मॅचच्या मध्ये येणाऱ्या राखीव पिचरांत टाकला आणि २०१५ च्या जुलैत सोडूनच दिला, कराराचं दीड वर्ष शिल्लक असताना. नाना, हे तुम्ही रात्री लिहिणार होतात ना, की गाळणार होतात?

शिकागोचा_नाना

गाळणार नव्हतो मास्तर, त्या १८ पैकी काही मॅच मी स्वतः कब्जच्या मैदानात, रिगली फील्डच्या बाकावर बसून भोगल्यात, तिकिटाचे पैसे देऊन.

पण एक आकडा तुम्ही सोयीस्कर विसरलात. इनिंग. २००८ ते २०१३ सलग सहा वर्षं त्याने दरवर्षी १७५ च्या वर इनिंग टाकल्या, २००९ आणि २०१० ला तर २०० च्या वर. रात्रपाळी, हे नीट समजून घ्या कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर यात आहे. सीझनला १६२ मॅच असतात, एप्रिल ते सप्टेंबर, जवळपास रोज. नऊ इनिंग गुणिले १६२, म्हणजे साधारण १४५८ इनिंग टीमला कोणाकडून तरी टाकून घ्यायच्याच असतात, त्यात सुटका नाही, पाऊस पडून ड्रॉ वगैरे भानगड नाही. आणि पिचरचा खांदा आणि कोपर ही माणसाच्या शरीरातली सगळ्यात बेभरवशाची वस्तू. जूनपर्यंत टीमच्या पाचपैकी दोन स्टार्टर, म्हणजे मॅच सुरू करणारे पिचर, तरी कुठे ना कुठे बँडेज लावून बसलेले असतात. अशा वेळी जो माणूस दर पाचव्या दिवशी उभा राहतो आणि सहा इनिंग टाकून देतो, भले चार रन देईना का, त्याला मार्केट आहे. जॅक्सन त्या वर्षांत मोडला नाही. तुमच्या हिशोबात याला किंमत शून्य आहे का?

गणितमास्तर

शून्य नाही. पण ५२ मिलियन पण नाही 😄

मीनल_मिशिगन

मी मध्ये पडते कारण मूळ प्रश्नातला अर्धा भाग तसाच राहिलाय, की हे लोक इकडून तिकडे जातात कसे. माझा नवरा आणि मुलगा दोघं डेट्रॉइट टायगर्सचे भक्त आहेत, जेवताना दुसरा विषय नसतो, त्यामुळे मला हे रोस्टरचे, म्हणजे टीमच्या यादीचे नियम इच्छा नसताना पाठ झालेत.

रात्रपाळी दादा, बदलीच्या सरकारी नोकरीसारखं समजा, फक्त बदली करणारं खातं पण दर वेळी वेगळं. ड्राफ्ट झाल्यावर पहिली साधारण सहा वर्षं मेजर लीगची सर्व्हिस होईपर्यंत खेळाडू टीमच्या ताब्यात असतो. टीमला वाटलं तर त्याला दुसऱ्या टीमला देता येतं, त्याला विचारावं पण लागत नाही. फोन येतो, सामान बांधायचं आणि ७२ तासांच्या आत नव्या टीमकडे हजर व्हायचं. घर, भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट, पोरांची शाळा, गाडी हे सगळं मागे बायको निस्तरते. तुम्ही सगळे त्या २७ जुलैची मजा घेताय, मला त्या दिवशी घरी कोणी काय काय पॅक केलं असेल तेच आठवतं. आधी टोरंटो म्हणजे पासपोर्ट काढा, मग नाही नाही मिझुरी.

ट्रेड नाकारायचा हक्क मिळतो, पण त्याला दहा वर्षं मेजर लीग आणि त्यातली शेवटची सलग पाच एकाच टीमकडे लागतात. जॅक्सनसारख्याला तो कुठून मिळणार, पाच वर्षं एका ठिकाणी राहिला तर ना.

सहा वर्षांची सर्व्हिस झाली आणि करार संपला की फ्री एजंट. तेव्हा तो स्वतः टीम निवडतो. आणि मग येतं डीएफए, म्हणजे टीम म्हणते तुला ४० जणांच्या यादीतून काढलं. त्यानंतर साधारण आठवड्याभरात त्याचं काहीतरी करावं लागतं, ट्रेड करा, वेव्हरवर टाका म्हणजे बाकीच्या टीमना उचलायची संधी, नाहीतर सोडा. पाच वर्षं सर्व्हिस झालेला खेळाडू मायनर लीगला, म्हणजे खालच्या लीगला जायला चक्क नाही म्हणू शकतो आणि तरी त्याचे पैसे बुडत नाहीत. म्हणूनच सीनियर माणसाला टीम सरळ सोडून देते.

आणि इथे खरी मेख आहे. सोडला तरी कराराचे पैसे जुन्या टीमलाच द्यावे लागतात. नवी टीम फक्त लीगचा किमान पगार देते, तेवढा जुन्या टीमच्या बिलातून वजा होतो. म्हणजे २०१५ ला कब्जनी सोडल्यावर अटलांटानी त्याला घेतला तो जवळजवळ फुकटात, २०१६ ला मायामीनी घेतला तोही तसाच, बिल शिकागोच्या नावावर. मायामीनी जूनमध्ये सोडला, सॅन डिएगोनी घेतला. आता सांगा, दीडशे किलोमीटरने बॉल टाकणारा अनुभवी माणूस फुकटात मिळत असेल तर तुम्ही आधीचं रेकॉर्ड वाचत बसाल का?

रात्रपाळी_जळगाव

मीनलताई हे भारी आहे, हे मला कुठेच सापडलं नव्हतं. म्हणजे पहिल्या निम्म्या करिअरमध्ये किंमत होती म्हणून फिरला आणि दुसऱ्या निम्म्यात किंमत नव्हती म्हणून फिरला?

मीनल_मिशिगन

हो, असंच काहीसं. फक्त किंमत नव्हती म्हणजे स्वस्त होता असं म्हणू, वाईट वाटतं.

बॉस्टनबाबू

सगळे जॅक्सनच्याच मागे लागलेत म्हणून आमच्या गावच्या माणसाची वकिली करतो. १४ टीमचा रेकॉर्ड आता एकट्या जॅक्सनचा राहिलेला नाही. रिच हिल! बॉस्टनचा, शेजारच्या मिल्टनमध्ये वाढलेला, जन्म मार्च १९८०. जुलै २०२५ मध्ये कॅन्सस सिटी रॉयल्सकडून खेळला आणि १४ टीमची बरोबरी केली. वय ४५. आणि मैदान कुठलं, तर रिगली फील्ड, समोर कब्ज, जिथे २००५ मध्ये त्याचं करिअर सुरू झालं होतं ती टीम. मॅच हरला पण पाच इनिंग व्यवस्थित टाकल्या. दोनच मॅच मिळाल्या आणि मग डीएफए, मीनलताईंनी सांगितलं तसंच.

पण हिलची गोष्ट जॅक्सनच्या उलटी आहे. जॅक्सनकडे वेग होता आणि तब्येत होती. हिलकडे दोन्ही नाही. फास्टबॉल जेमतेम ९० मैल. २००७ ला कब्जकडून ११ मॅच जिंकला, १८३ स्ट्राइकआउट, सगळे म्हणाले झालं, हा पुढची दहा वर्षं इथेच. २००८ ला अचानक बॉल स्ट्राइक झोनमध्ये, म्हणजे बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकटीत पडेचना. खाली मायनरमध्ये. मग २००९ ला बाल्टिमोर आणि खांद्याचं ऑपरेशन. २०११ ला कोपराचं, ते टॉमी जॉन म्हणतात ते, मनगटातला किंवा दुसरीकडचा टेंडन काढून कोपरात बसवतात, परत खेळायला साधारण वर्ष जातं. मध्ये हात खाली आणून साइडआर्म टाकून बघितलं, रिलीव्हर होऊन एकदोन बॅटरपुरता येऊन बघितलं. बॉस्टन, क्लीव्हलंड, एंजल्स, यांकीज.

२०१५ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनच्या मायनर टीममधून पण बाहेर, आणि ३५ व्या वर्षी गडी गेला कुठे, तर लाँग आयलंड डक्स. ही तेव्हा मेजर लीगशी काही संबंध नसलेली स्वतंत्र लीग होती, अटलांटिक लीग, तिथे पगार म्हणजे पेट्रोलपाणी. दोन मॅच टाकल्या. ११ इनिंग, २१ स्ट्राइकआउट. रेड सॉक्सनी मायनर करार दिला. तिथे ब्रायन बॅनिस्टर होता, स्वतः माजी पिचर आणि आकड्यांचा किडा, त्याने सांगितलं की बाबा तुझा कर्व्हबॉल (वळून खाली पडणारा बॉल) जगात भारी आहे, मग तू तो कधीमधी कशाला टाकतोस, निम्मे बॉल तोच टाक, आणि वेगवेगळ्या वेगाने टाक. झालं. सप्टेंबरमध्ये रेड सॉक्सकडून चार मॅच, पहिल्या तिन्हीत दहा-दहा स्ट्राइकआउट, ईआरए १.५५. मी टीव्हीसमोर बसून हा कोण नवीन पोरगा म्हणत होतो आणि बायको म्हणाली पोरगा कसला, केस बघ.

ओकलंडनी एक वर्षाचे ६ मिलियन दिले, तिथून ऑगस्ट २०१६ ला डॉजर्सकडे ट्रेड, आणि त्या डिसेंबरात डॉजर्सनी तीन वर्षांचे ४८ मिलियन! दीड वर्षापूर्वी डक्सच्या बसमधून फिरणारा माणूस.

मास्तर, तुमच्या हिशोबात हे कुठल्या रकान्यात बसतं?

गणितमास्तर

हिल वेगळा, तिथे मी गप्प. त्याचे आकडे २०१५ नंतर खरंच वरच्या दर्जाचे आहेत, फक्त बोटाला फोड येऊन सतत बाहेर बसायचा म्हणून इनिंग कमी.

आणि दुर्दैव म्हणजे या माणसाचं. सप्टेंबर २०१६, मायामीत सात इनिंग परफेक्ट, एकही माणूस बेसवर नाही, ८९ पिच, आणि मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्सनी फोडाच्या भीतीने काढला. निर्णय बरोबर होता असं माझं मत आहे, प्लेऑफसाठी बोट हवं होतं, पण लोकांनी रॉबर्ट्सचा उद्धार केला. मग ऑगस्ट २०१७, पिट्सबर्ग. आठ इनिंग परफेक्ट. नवव्या इनिंगला पहिल्याच बॅटरचा साधा ग्राउंडर, म्हणजे सरपटी बॉल, फील्डरच्या हातून सुटला, परफेक्ट गेम गेला, तरी नऊ इनिंग नो-हिट. पण डॉजर्सचे दिग्गज स्वतः एक रन काढू शकले नाहीत त्यामुळे मॅच दहाव्यात गेली, आणि पिट्सबर्गच्या जॉश हॅरिसननी होमरन मारून संपवली. १-० हरला. नऊ इनिंग एक हिट दिला नाही आणि रेकॉर्डला लॉस. पिचरच्या नावापुढे जय-पराजय लावायची ही पद्धत किती भिकार आहे याचं उदाहरण द्यायचं झालं तर मी हीच मॅच देतो. म्हणजे जॅक्सनच्या १३३ वर पण फार जाऊ नका, हे मी माझ्याच विरोधात बोलतोय.

खवचट_सदाशिव

जॅक्सन आठ वॉक देऊन नो-हिटर जिंकतो आणि हिल एकही न देता हरतो. बेसबॉल म्हणजे आमच्या सोसायटीची वार्षिक सभा दिसतेय.

शिकागोचा_नाना

जॅक्सनचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं. २०१७ ला बाल्टिमोर, मग परत वॉशिंग्टन. २०१८ ला वॉशिंग्टनच्या मायनर टीममध्ये, सिरॅक्यूजला, ३४ वर्षांचा, वर बोलावणं येईना म्हणून करारातल्या कलमाप्रमाणे बाहेर पडला. आणि ओकलंडकडे त्या वर्षी एकामागून एक स्टार्टर जायबंदी होत होते. जूनमध्ये त्याला घेतला, तेरावी टीम, डोटेलची बरोबरी. १७ मॅच सुरू केल्या, ६ जिंकल्या ३ हरल्या, ईआरए ३.३३. ओकलंड ९७ मॅच जिंकून प्लेऑफला. मास्तर, कंट्रोल सरळ करून दाखवणारा तेरावा कोच सापडला की नाही?

पुढच्या वर्षी मे महिन्यात ओकलंडनी त्याला थोड्या पैशांवर दुसरीकडे दिला. चौदावी टीम कोणती? टोरंटो! २०११ ला जिथे काही तास होता तीच. या वेळी जर्सी घातली, १५ मे २०१९, सॅन फ्रान्सिस्कोत, रेकॉर्ड झाला. हे पण खरं सांगतो की त्यानंतर बेदम मार खाल्ला, टोरंटोनं जुलैत सोडला, डेट्रॉइटनी परत बोलावलं, तिथेही काही जमलं नाही. मेजर लीगमधली शेवटची मॅच तिथलीच. पण थांबला नाही, २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकला अमेरिकेच्या टीममध्ये होता. तिथे मेजर लीगच्या चालू रोस्टरवरचे खेळाडू गेले नव्हते, त्यामुळे टीम म्हणजे उगवती पोरं आणि असे जुने खोंड. फायनलला जपानकडून २-० हरले, सिल्व्हर मेडल. २०२२ च्या सप्टेंबरात रिटायर.

रात्रपाळी, तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर एवढंच की फेल झालेले पिचर तुम्हाला रेकॉर्ड बुकात दिसणारच नाहीत. जॅक्सनबरोबर २००१ ला ड्राफ्ट झालेल्या बहुतेकांना मेजर लीगचा एक दिवस पण मिळाला नाही.

रात्रपाळी_जळगाव

नाना, मास्तर, बाबू, ताई, सगळ्यांचे आभार, आजची शिफ्ट सार्थकी लागली. शेवटचा एक व्यवहारी प्रश्न. जॅक्सन-हिल ठीक आहे, कोट्यधीश झाले. पण जे वर-खाली वर-खाली करत राहतात, महिनाभर मेजर, मग परत मायनर, त्यांना काही मिळतं का? का फक्त आठवणी?

मीनल_मिशिगन

मिळतं, बऱ्यापैकी मिळतं, पण वर असलेल्या दिवसांचंच. २०२५ चा मेजर लीगचा किमान पगार वर्षाला ७,६०,००० डॉलर, आणि तो दिवसाच्या हिशोबाने मिळतो. ट्रिपल-ए ला, म्हणजे बरोब्बर एक पायरी खाली, २०२३ च्या नव्या करारानंतर वर्षाला किमान ३५,८०० डॉलर, आणि त्याआधी तर याहून कितीतरी कमी होता. म्हणजे तो एक फोन येण्या-न येण्यात वीसपट फरक. म्हणूनच पस्तिशीतले लोक बसचे धक्के खात खाली थांबून राहतात, नुसतं खेळावरचं प्रेम वगैरे नाही.

आणि पेन्शन आहे. मेजर लीगच्या रोस्टरवर ४३ दिवस भरले की पेन्शनला पात्र, पूर्ण पेन्शनला दहा वर्षं लागतात. एक वर्ष म्हणजे १७२ दिवस धरतात. दुखापतीच्या यादीत बसलेले दिवस पण मोजले जातात, त्यामुळे हिलच्या फोडांनी तसं त्याचं नुकसान केलं नाही.

खवचट_सदाशिव

४३ दिवसांत पेन्शन? डाव्या हाताने टाकायला वयाची काही अट आहे का? चिरंजीवांना विचारून सांगा.

मीनल_मिशिगन

विचारलं. तो म्हणाला आजोबांना आधी प्लेटपर्यंत बॉल पोचवायला सांग, साडेअठरा मीटर आहे.